एकाच ढगाखालचा पैसा

कपाशीच्या आठ-दहा तासांमागे, म्हणजे ओळींमागे, तुरीचे एक तास टाकण्याची पद्धत विदर्भात कोणी कोणाला मुद्दाम शिकवत नाही. बोंडअळीने कपाशी खाल्ली किंवा ऐन फुटीच्या वेळी पाणी येऊन बोंडे काळी पडली, तरी थंडी सरता सरता तूर घरात येते आणि वर्षाचे वरण तरी विकत घ्यावे लागत नाही, एवढा हिशेब त्यामागे असतो. नवल असे, की वावरात इतका पुढचा विचार करणारा कास्तकार पैशाचा निर्णय घेताना मात्र एका वेळी एकाच गोष्टीकडे पाहतो. कापूस विकायचा की ठेवायचा, एफडी मोडायची की राहू द्यायची, तालुक्याला प्लॉट घ्यायचा की बोअर मारायची, हे प्रश्न त्याच्यापुढे सुटेसुटे येतात आणि त्यांची उत्तरेही तो सुटीसुटीच देतो. नोकरदारांचे यापेक्षा फार वेगळे नसते. त्यांच्या घरी कापसाच्या जागी शेअर असतात, एवढेच. गुंतवणुकीतल्या पुष्कळ चुका अज्ञानापेक्षा या सुटेपणातून होतात, असे माझे मत आहे.

सुरुवात कापसापासूनच करू. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्या वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,७२६ रुपये होता, हे लक्षात घेतले म्हणजे ती तेजी केवढी होती ते कळते. दिवाळीच्या गरजेला ज्यांनी माल काढला ते हळहळले आणि ज्यांनी ठेवला ते शहाणे ठरले. पुढच्या हंगामात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, त्याच आठवणीने घरोघर कापूस भरून राहिला. माजघरात आढ्यापर्यंत कापूस, माणसे ओसरीवर आणि लेकरांच्या अंगावर खाजेचे पुरळ, असे चित्र अनेक घरांतून दिसत होते. भाव मात्र दहा हजारांकडे वळलाच नाही. उन्हाळ्यात तो सात-आठ हजारांच्या घरात घुटमळत राहिला आणि बियाण्याला पैसे लागू लागल्यावर लोकांनी मिळेल त्या भावात माल काढला.

येथे मनाने नेमके काय केले, ते समजून घेण्यासारखे आहे. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले जाई; ते १० किंवा ६५ या आकड्यांवरच थांबेल अशी व्यवस्था गुपचूप केलेली होती. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल, असे विचारले जाई. चक्राचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरीही ज्यांना १० दिसले त्यांचा मधला अंदाज २५ टक्के आला आणि ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५ टक्के आला. एकदा कानावर पडलेला आकडा खुंट्यासारखा रोवला जातो आणि मग विचार दावणीच्या जनावरासारखा त्याच्याभोवती, दोराच्या लांबीइतकाच फिरतो. दहा हजार हा तसाच एक खुंटा होता.

दोर तोडू न देणारी दुसरी गोष्ट याच दोघांनी १९७९ मध्ये मांडली. हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गेल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते; गेल्याचे दुःख ढोबळमानाने दुपटीने जड भरते. आता ‘गेले’ म्हणजे कशाच्या तुलनेत गेले, हे मन स्वतःच ठरवते. डिसेंबरात साडेआठ हजाराने विकणारा कास्तकार हमीभावाच्या पुष्कळ वर असतो, परंतु त्याचे मन दहा हजारांपासून मोजते आणि क्विंटलमागे दीड हजाराचा तोटा झाल्याचे सांगते. तो तोटा कबूल करावा लागू नये म्हणून माल ठेवला जातो. हर्ष शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये शेअरबाजारातील हीच सवय दाखवून दिली: नफ्यातले शेअर लोक लवकर विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात. खरेदीची किंमत त्यांचा खुंटा असते, आणि ती किंमत त्या कंपनीला ठाऊकही नसते.

माझ्या एका मित्राच्या घरी २०२२ च्या त्या डिसेंबरात ४० क्विंटल कापूस होता. मी त्याला एकच प्रश्न विचारला. ‘‘समज, घरात बोंडभरही कापूस नाही आणि हाती तीन लाख चाळीस हजार रोख आहेत. आज साडेआठ हजाराच्या भावाने ४० क्विंटल विकत घेऊन तू माजघरात भरशील का?’’ तो हसला आणि म्हणाला, ‘‘मी काय व्यापारी आहो?’’ वस्तुतः न विकणे म्हणजे रोज सकाळी उठून त्याच भावाने तो कापूस नव्याने विकत घेणेच असते. फक्त त्याची काटापट्टी निघत नाही म्हणून तो व्यवहार वाटत नाही. हा प्रश्न प्लॉटला, सोन्याला, शेअरला, कशालाही लावून पाहता येतो, आणि उत्तर ‘नाही’ आले तर धरून ठेवण्याचे कारण बाजारात नसून आपल्या आठवणीत आहे, असे समजावे.

याचा अर्थ माल ठेवणारा मूर्ख आणि विकणारा शहाणा, असा मात्र होत नाही. २०२१-२२ मध्ये ठेवणारे जिंकले होते, पण तेव्हाही भाव चढणारच हे त्यांना ठाऊक नव्हते. पाऊस चांगला लागला म्हणून पावसाआधीच कोरड्यात केलेल्या धूळपेरणीचा निर्णय चांगला ठरत नाही. निर्णयाची पारख तो घेताना काय माहीत होते यावरून करायची असते, आणि आमच्या गावच्या पारावर ही पारख नेमकी उलटी होते. तिथे ज्याचे साधले तो हुशार.

आता थोडे व्यापक चित्र घेऊ. पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये जेवणाच्या टेबलावरची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्यांनी एका सहकाऱ्यापुढे नाणेफेकीची पैज ठेवली: तुमच्या बाजूने पडले तर २०० डॉलर मिळतील, विरुद्ध पडले तर १०० डॉलर द्यावे लागतील. सहकारी म्हणाला, एकदाच खेळायचे असेल तर नको, कारण १०० गेल्याचे दुःख २०० मिळाल्याच्या आनंदापेक्षा जास्त होईल. अशा शंभर पैजा देणार असाल तर मात्र मी तयार आहे. सॅम्युएलसन यांना हे उत्तर तर्काला धरून वाटले नाही आणि त्यावर तज्ज्ञांत पुढे बराच वाद झाला, पण त्या सहकाऱ्याच्या पोटातली गोष्ट खरी होती. एका फेकीत हरण्याची शक्यता निम्मी असते. शंभर फेकी एकत्र धरल्या तर एकूण तोट्यात जाण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी उरते आणि सरासरी ५,००० डॉलर हाती पडतात. प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र घाबरण्याऐवजी तो आयुष्यभरातल्या अनेक निर्णयांपैकी एक आहे, अशा नजरेने पाहिले, तर पुष्कळ चांगल्या संधी केवळ भीतीपोटी सोडाव्या लागत नाहीत.

परंतु या गणितात एक अट दडलेली आहे, आणि आपल्याकडे ती अटच मोडते. शंभर नाणी वेगवेगळी उडवायची असतात. पहिले नाणे कसे पडले यावर दुसरे कसे पडेल ते अवलंबून असता कामा नये. कोरडवाहू गावात मात्र एकच मोठे नाणे आकाशात उडते आणि ते पडेल तसे सगळ्यांचे पडते. कपाशी त्यावर, सोयाबीन त्यावर, ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, दिलेल्या वावराचा पैसा त्यावर, ट्रॅक्टरचे भाडे त्यावर, आणि शेजाऱ्याला दिलेले उसने परत येणे हेही त्यावरच. दहा ठिकाणी पैसा आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि ती दहाही ठिकाणे एकाच ढगाखाली उभी असतात.

माझ्या वडिलांची ठेव तालुक्याच्या एका पतसंस्थेत होती. बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त आणि संचालक ओळखीचे, एवढी कारणे त्यांना पुरेशी वाटली. त्या संस्थेचे कर्जदार कोण, हा प्रश्न आम्ही कोणीच विचारला नाही. ते आमच्यासारखेच कास्तकार होते, कृषी केंद्रवाले होते, एखाद-दुसरा जिनिंगवाला होता. लागोपाठ दोन वर्षे पीक बुडाले तेव्हा त्यांचे हप्ते थकले, आणि नेमक्या त्याच वर्षी पीक बुडाल्यामुळे सगळ्या ठेवीदारांना आपले पैसे हवे झाले. दारावर नोटीस लागली. त्यात घोटाळा किती आणि दुष्काळ किती, हे मला आजही सांगता येणार नाही. परंतु घोटाळा नसता तरी ती ठेव आमच्या गरजेच्या वेळीच अडकणार होती, हे मला फार उशिरा उमगले.

याच संदर्भात एक नियम माहीत असणे आवश्यक आहे. बँक बुडाल्यास रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली; त्यापूर्वी ती १ लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, मात्र सहकारी पतसंस्थांना तो नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्हीकडे असतो, म्हणून गफलत होते. पोस्टातील ठेवींची हमी केंद्र सरकारची असते. एकाच बँकेच्या तीन शाखांत खाती उघडून मर्यादा तिप्पट होत नाही, हेही जाता जाता सांगतो.

मित्राच्या घरचा कापूस बाजूला ठेवून आम्ही त्या रात्री एक कागद घेतला. एका बाजूला असलेले सगळे लिहिले, दुसऱ्या बाजूला देणे. कापूस ३ लाख ४० हजारांचा. पतसंस्थेत मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले २ लाख. पोस्टात आरडीचे १ लाख १० हजार. चार तोळे सोने. गावात दिलेले उसने ६० हजार. दुसऱ्या बाजूला बँकेचे पीककर्ज १ लाख ६० हजार, कृषी केंद्राची उधारी ८५ हजार, आणि सावकाराचे १ लाख, शेकडा तीन रुपये महिन्याने. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, ‘‘भाऊजी, पाणी नाही आलं तं यातलं काय राहते?’’ गुंतवणूक सल्लागार ज्याला जोखमीचे वर्गीकरण म्हणतात, ते एवढ्या कमी शब्दांत मी कुठे ऐकले नव्हते. आम्ही ओळींवर खुणा केल्या. पोस्ट आणि सोने, या दोनच ओळी उरल्या.

त्याच कागदाने दुसरी गोष्ट उघडी केली. पतसंस्थेतील २ लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाला १८ हजार मिळत होते, आणि सावकाराच्या १ लाखावर वर्षाला ३६ हजार जात होते. दोन्ही आकडे घरातच होते, पण एकमेकांना कधी भेटले नव्हते, कारण लग्नाचा पैसा हा लग्नाचा असतो आणि सावकार हा सावकार असतो. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणूस मनातल्या मनात पैशाची अशी वेगवेगळी गाडगी करतो आणि एका गाडग्यातला पैसा दुसऱ्यात ओतायला तयार नसतो, हे त्यांनी तपशिलाने मांडले. या गाडग्यांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. लग्नाचे गाडगे वेगळे नसते तर त्यातला पैसा कधीच बैलजोडीत गेला असता. परंतु छत्तीस टक्के व्याजाचे कर्ज फेडणे म्हणजे छत्तीस टक्के खात्रीचा परतावा मिळवणे होय, आणि तसा परतावा कोणतीही बँक, कोणतेही पोस्ट किंवा कोणताही फंड खात्रीने देत नाही. उलट बँकेच्या पीककर्जाची घाई करण्याचे कारण नव्हते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज जवळजवळ पडतच नाही. फक्त मुदत चुकू द्यायची नाही. तीनही देणी ‘कर्ज’ या एकाच नावाने ओळखली जातात, म्हणून जो दारात येऊन जास्त बोलतो त्याचे आधी फेडले जाते.

सोयाबीन, तूर किंवा हरभरा असता तर आणखी एक वाट होती. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी सहा टक्के दराने मिळते. भाव वाढेल अशी आशा असेल, तर ती आशा सावकाराच्या पैशावर बाळगण्यापेक्षा या पैशावर बाळगणे कितीतरी स्वस्त पडते.

ढगाबाहेरच्या गुंतवणुकीकडे वळताना शेअरबाजाराचे नाव निघतेच. निर्देशांकावर आधारलेल्या म्युच्युअल फंडात दरमहा थोडी रक्कम टाकली, तर तो पैसा देशभरातल्या मोठ्या कंपन्यांच्या कमाईवर उभा राहतो आणि त्याचा आपल्या तालुक्याच्या पावसाशी संबंध कमी असतो, हा त्याचा खरा गुण आहे. पण तो पडतोही. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्च २०२० रोजी २६ हजारांखाली बंद झाला, आणि नोव्हेंबरात पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आला. मार्चमध्ये ज्याला बियाणे घ्यायचे होते त्याच्यासाठी नोव्हेंबर फार दूर होता. ज्याला दहा वर्षे तो पैसा लागणार नव्हता त्याने मार्चमध्ये मोबाइलच उघडला नसता तर बरे झाले असते. श्लोमो बेनार्त्झी आणि थेलर यांनी १९९५ मध्ये हेच दाखवले, की गुंतवणुकीकडे जितक्या वेळा पाहावे तितक्या वेळा तोटा दिसण्याची शक्यता वाढते आणि माणूस तितकाच घाबरट निर्णय घेतो. पेरल्यावर रोज माती उकरून कोंब पाहणाऱ्याचे पीक येत नाही, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

दुप्पट करून देणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. ७२ ला व्याजदराने भागले, की साधारण किती वर्षांत रक्कम दुप्पट होते ते कळते. किसान विकास पत्राचा दर १ एप्रिल २०२३ पासून ७.५ टक्के झाला आणि मुदत ११५ महिने, म्हणजे ९ वर्षे ७ महिने. भागाकार करून पाहा, तेवढेच येते. दोन वर्षांत दुप्पट म्हणणारा माणूस वर्षाला ४१ टक्क्यांहून अधिक देण्याचे कबूल करत असतो (इतक्या मोठ्या दराला ७२ चा ढोबळ नियम थोडा कमी आकडा दाखवतो). तो स्वतः कर्ज काढून असा धंदा करण्याऐवजी आपल्या ओसरीवर का बसला आहे, हे त्याला चहा देण्यापूर्वी विचारावे.

मित्राच्या मुलाचे म्हणणे होते, की कापूस विकून बोअर मारावी आणि संत्रा लावावा. त्याच्याजवळ उत्पन्नाचे पूर्ण गणित तयार होते. अशा वेळी आपण आपल्या योजनेच्या आत शिरून विचार करतो: आपली जमीन, आपली मेहनत, पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिलेली आपली जागा. कानेमन यांचा आग्रह असा असे, की आधी बाहेरून पाहावे. अशीच गोष्ट इतरांनी केली तेव्हा किती जणांची साधली, ते मोजावे. शिवारातल्या गेल्या पाच वर्षांतील चौदा बोअरपैकी पाचच मे महिन्यात चालत असतील, तर आपली सुरुवात त्याच आकड्यापासून होते, नारळापासून नाही. पश्चिम विदर्भात खाली काळा पाषाण आहे आणि पाणी त्याच्या भेगांत असते, त्यामुळे दोन बोअरमध्ये पन्नास फुटांचे अंतर असले तरी एक भरलेली आणि एक कोरडी निघू शकते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी लागूनही पिकाच्या कामाचे नसते. मोबाइलवर फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे, सौदे करणाऱ्या पोरांनाही मी हीच मोजणी करायला सांगतो. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. आपण उरलेल्या सात टक्क्यांत आहोत असे मानण्यासाठी कारण लागते, आणि ‘मला समजते’ हे कारण त्या ९३ टक्क्यांजवळही होते.

मुलाला थेट ‘नको’ म्हटले असते तर तो चिडला असता. त्याऐवजी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये सुचवलेली एक रीत आम्ही वापरली. ‘‘समज, तीन पोळे उलटून गेले आहेत आणि बाग पूर्ण फसली आहे. का फसली, ते लिही,’’ असे मी त्याला म्हणालो. योजना बरोबर आहे का, असे विचारले की माणूस तिचा वकील होतो. ती फसल्याचे गृहीत धरले की तोच तिचा पंच होतो. पंधरा मिनिटांत त्याने सहा कारणे लिहिली. त्यातली पाणी आणि डिंक्या रोग ही दोन आम्हाला सुचली असती. ‘‘पहिली चार-पाच वर्षे बागेतून पैसा नाही, तोवर घर कशावर?’’ हे त्याचे त्यानेच लिहिले. बोअर पुढे ढकलली गेली, रद्द झाली नाही.

कापसाचे आम्ही दोन भाग केले. वीस क्विंटल त्याच आठवड्यात साडेआठ हजाराने गेला. १ लाख ७० हजारांतून सावकाराचे मुद्दल पूर्ण फिटले आणि उरलेले ७० हजार कृषी केंद्राच्या उधारीत गेले. राहिलेले वीस क्विंटल ठेवताना मित्राने वहीत तारीख टाकून कारण लिहिले: भाव वाढेल असे वाटते, या पैशाची अक्षय तृतीयेपर्यंत गरज नाही, त्यानंतर भाव काही असो, विकायचा. हे लिहून ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण निकाल लागल्यावर आपल्याला आधी काय वाटत होते, हे मन सोयीने बदलून टाकते, आणि मग चुकीतून शिकायला चूकच शिल्लक राहत नाही.

ते वीस क्विंटल मे महिन्यात साडेसात हजाराने गेले. पूर्ण चाळीस क्विंटल ठेवले असते, तर भावात ४० हजार आणि सावकाराच्या पाच महिन्यांच्या व्याजात १५ हजार गेले असते. प्रत्यक्षात भावातले २० हजारच गेले. मित्र मात्र अजूनही म्हणतो, की त्या डिसेंबरात सगळाच विकायला हवा होता. तो असे म्हणाला की वहिनी फळीवरून वही काढतात आणि ते पान त्याच्यापुढे ठेवतात.